चेंबरकाका

पुण्या-ठाण्याच्या तीस-चाळीस वर्षं जुन्या सोसायटीत खजिनदार व्हायला कुणी तयार नसतं, पण चेंबरकाका मात्र न मागता मिळतात. बहुधा बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यातून निवृत्त. प्लंबिंगशी आयुष्यात संबंध आलेला नसतो. पण जन्मभर दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढल्यावर घरी बसून काय काढायचं, या प्रश्नाचं उत्तर त्यांना बिल्डिंगच्या मागच्या बाजूला सापडलेलं असतं.

तुंबलेलं त्यांना आधी ऐकू येतं, दिसतं नंतर. केळवणाची पंगत बसलेली असते. मठ्ठा वाढून होतो न होतो तोच काका कान टवकारतात. "वहिनी, संडासात फ्लश केला की तुमच्या बाथरूमच्या नाणीतून गुडगुड येते का हो?" वहिनी हातात जिलब्यांचं ताट घेऊन उभ्या. येते. पण हे चार पाहुण्यांसमोर कबूल कसं करायचं? काका पानावरून उठत नाहीत, एवढीच त्यांची सभ्यता. "एकटं सिंक तुंबलं तर सिंकखालची बाटली उघडा, धुवा, परत लावा. पण सिंक, बेसिन, नाणी सगळ्यांनीच एकदम संप केला, तर मेन लाइन बसली समजा. पाण्याला खाली वाट नाही, म्हणून अडकलेली हवा वर येते. तीच गुडगुड. मठ्ठा छान झालाय."

मेन लाइनचा न्याय मोठा विचित्र. गुन्हा वरचे करतात, शिक्षा तळमजला भोगतो. तुंबलेलं पाणी सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर येतं. चौथ्या मजल्यावर अंघोळी गाण्यासकट चालू असतात. "आमच्याकडे तर काहीच प्रॉब्लेम नाही," हे वाक्य काकांनी इतक्यांदा ऐकलंय, की ते म्हणणाऱ्याचा फ्लॅट नंबर ते आधी टिपून घेतात. तळमजल्यावरच्या आजींच्या मोरीतून वर आलेली पानं त्यांनी एकदा काडीनं उलटीपालटी करून पाहिली आणि जाहीर केलं, "कढीपत्त्याचा अख्खा देठ फोडणीत टाकणारं घर या विंगमध्ये एकच आहे." त्या घराशी आजींचं बोलणं अजून बंद आहे.

त्यानंतर वॉचमन पहार घेऊन येतो आणि खरी तपासणी सुरू होते. काकांची पद्धत बिनचूक असते, हे मान्य करायला हवं. बिल्डिंगलगतचं चेंबर कोरडं आणि तरी घरात पाणी, तर दोष घराच्या पाइपात. पहिलं चेंबर भरलेलं आणि दुसरं रिकामं, तर बोळा त्या दोघांच्या मधे. शेवटचंसुद्धा तुडुंब असेल तर प्रकरण महापालिकेचं. मग काका अर्ज लिहायला वर जातात. त्यात 'सबब' हा शब्द निदान तीनदा येतो.

बोळ्यात काय निघालं, यावरून काकांना पंचांग न बघता महिना सांगता येतो. भाद्रपदात शाडू. घरच्या बादलीत गणपती विरघळवायचा, इथपर्यंत पर्यावरण सांभाळलं जातं. मग ती बादली बाथरूममध्ये ओतली जाते आणि माती नाणीत बसते. "अहो, कुंडीत ओता!" काका आरतीच्या ताटासमोर ओरडतात. दिवाळीनंतर चकल्यांचं तेल. ते गरम असताना सुळकन जातं आणि थंड पाइपात जाऊन थिजतं. बाकी केस, चहाचा चोथा आणि 'फ्लश करता येतं' असं पाकिटावर छापलेले ओले रुमाल बारमाही. मागच्या भिंतीतला पिंपळ तर काकांचा जुना वैरी. भाजक्या मातीच्या जुन्या पाइपांच्या सांध्यांतून तो मुळं आत घालतो, आणि तो तोडायचा विषय निघाला की निम्मी सोसायटी धार्मिक होते.

त्यांचे साधे उपाय लोकांना आवडत नाहीत. परदेशी मुलाचा बंद फ्लॅट घाण वास मारत होता. टाइल्स उखडायचा अंदाजपत्रकासकट विचार झाला होता. काकांनी प्रत्येक नाणीत तांब्याभर पाणी ओतलं आणि कुलूप लावलं. वाकड्या पाइपात दोनेक इंच पाणी साठून राहतं, तेच गटाराचा वास अडवतं. घर बंद राहिलं की ते सुकतं. "1775 साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंगनं त्या वाकड्या पाइपाचं पेटंट घेतलं. घड्याळजी होता," काकांनी जिन्यात सांगितलं. फुकटात वास गेल्यामुळे मालकाला मात्र फसवल्यासारखं वाटलं.

एका बाबतीत मात्र काका विनोदी राहत नाहीत. "कशाला जेटिंगची गाडी? पाचशे रुपये दिले की माणूस उतरेल," असं कुणी मीटिंगमध्ये म्हणालं, की त्यांचा आवाज खाली येतो. हाताने मैला उपसायला बंदी घालणारा 2013 चा कायदा ते तोंडपाठ सांगतात. आतला वायू नाकच बधिर करतो. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असं नसतं, हेही सांगतात. ब्लीचिंग पावडरवर ॲसिड ओतणाऱ्यांना तर ते नावानिशी उठवतात, कारण त्यातून क्लोरीन निघतो. गाडी येते. मेंटेनन्स वाढतो. शिव्या काकांना पडतात.

आता सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आहे आणि काका लेकीकडे, बाविसाव्या मजल्यावर. तिथे चेंबरला हात लावायला मनाई, सगळं फॅसिलिटीवाल्यांकडे. लेकीला वाटलं, बाबा कोमेजणार. तिसऱ्या दिवशी ते जेवायला आले नाहीत म्हणून शोधाशोध झाली, तर बेसमेंटमध्ये एसटीपीच्या ऑपरेटरसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले. सांडपाणी शुद्ध होऊन परत फ्लशलाच येतं, हे त्यांना नुकतंच कळलं होतं.

"इतकी वर्षं इथे राहतेस," ते लेकीला म्हणाले, "आणि एका शब्दानं बोलली नाहीस?"