काळ्या खपलीला वाली कोण?

नांदुऱ्याला मोठ्या गोष्टींची सवय आहे. महामार्गावरचा १०५ फुटी हनुमान ट्रकवाल्यालाही मान वर करून पाहावा लागतो. अशा गावात धुऱ्यावरच्या गवतात जेमतेम ०.२ मिलिमीटरचे पिल्लू बसलेले असेल, तर त्याची दखल घेणार कोण? चिगर म्हणतात त्याला, माइटची अळी. तिच्या चाव्यातून ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा जिवाणू अंगात शिरतो आणि साधारण आठ-दहा दिवसांनी स्क्रब टायफसचा ताप चढतो.

माइट खरे तर कीटक नव्हे, कोळी-गोचिडांच्या गोतातला. पण अळीला सहाच पाय असतात, म्हणून लहानपणी त्याला कीटकांत मोजायला हरकत नसावी. माणसाला चावतो तोही याच वयात. मोठा झाल्यावर सोडून देतो. आमच्या पुढाऱ्यांचे नेमके उलटे असते.

तापांमध्ये मान आहे तो डेंग्यूला. पेशी मोजता येतात, पपईच्या पानांचा रस काढता येतो, सोयरे किवी घेऊन येतात आणि गल्लीत धुराचे यंत्र फिरते. मागे पोरे, पुढे फोटोवाला. त्या धुराने उडते डास मरतात. गवताच्या बुडाशी बसलेल्या चिगरला त्याचे सोयरसुतक नाही.

स्क्रब टायफसचे खरे दुर्दैव म्हणजे तो स्वस्त गोळीने बरा होतो. डॉक्सिसायक्लिन वेळेत सुरू झाले, तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. अशाला प्रतिष्ठा कुठून मिळणार? 'गोळीनं काय होते डाक्टर, सलाईन लावा ना!' म्हटले की सलाईन लागते, सोबत सेफॅलोस्पोरिनची महागडी इंजेक्शनेही. पेशींच्या आत दडलेल्या या जंतूवर ती चालत नाहीत. रुग्णाचे मन राखले जाते, बिल होते, ताप तेवढा राहतो.

बरे, चोर पुरावा अंगावरच ठेवून जातो: विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली. पण ठेवतो तीही काखेत, जांघेत, नाहीतर नाडीखाली. निंदणाला गेलेली बाई ती दाखवायला लाजते आणि बाहेर रांग असल्याने डॉक्टरही विचारत नाही.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूरकडे माणसे दगावली, तेव्हा या तापाचे नाव वर्तमानपत्रांत आले. पाऊस ओसरला, नावही ओसरले. शेजारच्या अकोल्याच्या डॉ. नरेंद्र राठी आणि सहकाऱ्यांनी तर याच्या भाऊबंदासाठी, म्हणजे गोचिडांतून येणाऱ्या ठिपक्यांच्या तापासाठी, २०११ मध्येच लक्षणांना गुण देण्याची पद्धत छापली होती. मार्कांवर जीव टाकणाऱ्या आपल्या लोकांना निदान ती तरी पाठ व्हायला हवी होती.

तेव्हा वाचकहो, शेतात-गवतात जाऊन आल्यावर ताप चढला, तर डॉक्टरांना आधी तेच सांगा. लाज सोडून काखा-जांघा तपासा, खपली दिसली तर दाखवा. नसली, तरी 'स्क्रब टायफस तर नसेल?' एवढे विचाराच.