चि. तिसऱ्यास, अ. उ. आ.

प्रिय बाळा,

तुझी ताई झाली तेव्हा घरचे खूश झाले, दादा झाला तेव्हा तुझ्या आजीने कॉलनीभर पेढे वाटले. पण त्या दोघांसाठी कुठल्या मुख्यमंत्र्याने शब्द टाकला नव्हता. तुझं तसं नाही. तुझा अजून कशात काही पत्ता नाही, आणि तुझ्यासाठी दोन मुख्यमंत्री, एक खासदार आणि साक्षात सरसंघचालक बोलून गेले आहेत. म्हटलं, तू काही निर्णय घेण्याआधी तुला वस्तुस्थिती कळवावी. मी सरकारी कार्यालयात आस्थापना टेबलावर बसते. पत्र मधूनच टिपणीच्या वळणावर गेलं तर समजून घे.

पहिला मान आंध्र प्रदेशाचा. दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्याला पंचायतीची निवडणूक लढवता येणार नाही, असा तिथे १९९४ पासून कायदा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये चंद्राबाबू नायडूंच्या सरकारने तो काढून टाकला. याच नायडूंनी गेल्या शतकाच्या शेवटी कुटुंबनियोजनाची मोहीम अशी राबवली होती की बाकीच्या राज्यांना त्यांचा दाखला देत. आता ते म्हणतात, मुलं होऊ द्या, राज्य म्हातारं होतंय. पुढाऱ्यांनी मत बदलू नये असं मी म्हणत नाही; पण मधल्या काळात ज्या बायकांची ऑपरेशनं झाली त्यांना आता काय पत्र पाठवायचं, याचा मसुदा कुणी केलेला दिसत नाही.

त्यांच्याच पक्षाचे विजयनगरमचे खासदार मार्च २०२५ मध्ये एक पाऊल पुढे गेले. तिसरी मुलगी झाली तर तिच्या नावे पन्नास हजार रुपये ठेवू, मुलगा झाला तर गाय देऊ, आणि हे सगळं स्वतःच्या पगारातून. तुला मुलगी व्हायचंय की मुलगा, हा तुझा प्रश्न आहे. मी फक्त एवढंच सांगते की आपला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्टमध्ये चार माणसं मावतात, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी गेल्या वर्षी कुंडीतल्या तुळशीवरूनही नोटीस काढली होती. मुलगा म्हणून येणार असशील तर गोठ्याची सोय आधी बघ.

तमिळनाडूची तऱ्हा वेगळी. तिथे नवदांपत्याला सोळा प्रकारची संपत्ती लाभो, असा जुना आशीर्वाद आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईतल्या सामुदायिक विवाहात मुख्यमंत्री या नात्याने बोलताना एम. के. स्टालिन म्हणाले की, लोकसभेच्या जागा कमी होण्याची भीती असताना लोकांना आता सोळा मुलांचाच विचार करावासा वाटेल. चेष्टेचा सूर होता म्हणे. आपल्याकडचा आशीर्वाद अष्टपुत्रांवर थांबतो, म्हणजे महाराष्ट्राची महत्त्वाकांक्षा निम्मी. पण आपल्याकडची सूचना सौम्य आहे. १ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात एका कुलसंमेलनात सरसंघचालक मोहन भागवतांनी सांगितलं की, जननदर २.१ च्या खाली जाऊ नये, म्हणजे दोनपेक्षा जास्त, म्हणजे तीन. पुढच्या ऑगस्टमध्ये दिल्लीत त्यांनी त्याला आणखी एक कारण जोडलं: तीन भावंडं असली की मुलं आपापला अहंकार आवरायला शिकतात. तुझ्या ताई-दादाला रिमोटवरून भांडताना बघितलं की मला हे पटायला लागतं आणि लगेच पटेनासंही होतं.

या मागणीमागे तुझं कौतुक किती आणि हिशेब किती, तेही सांगते. १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठवली. हेतू चांगला होता: ज्यांनी लोकसंख्या आटोक्यात आणली त्यांच्या जागा कमी होऊ नयेत. पुढे ८४व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. ती वेळ आता दारात आली आहे. आणि जागा वाटताना मतदार मोजत नाहीत, माणसं मोजतात. दुपट्यात गुंडाळलेला, मान न धरणारा तू तिथे पूर्ण एक धरला जातोस. तुला मताचा अधिकार अठराव्या वर्षी मिळेल, तुझ्या नावावर खासदार मात्र पहिल्या दिवसापासून.

आता महाराष्ट्राकडे ये, कारण जन्मदाखला इथलाच निघणार. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्याचा एकूण जननदर १.७ आला. तुझी ताई पूर्ण धरली तर दादा पाऊणसुद्धा भरत नाही. तेव्हा आपल्यालाही तुझी गरज आहे, असं तुला वाटेल. माझ्या टेबलावरच्या कागदांना तसं वाटत नाही.

२००५ पासून आपल्याकडे लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे नियम आहेत. नोकरीला लागणाऱ्या प्रत्येकाकडून मी नमुना अ भरून घेते: हयात मुलं किती, त्यातली मार्च २००५ नंतर झालेली किती. मार्च २००६ नंतरच्या मुलामुळे आकडा दोनच्या वर गेला की उमेदवार अपात्र. परवाच एक मुलगा फॉर्म भरताना विचारत होता, मॅडम, लग्नच ठरलेलं नाही, काय लिहू? मी म्हटलं, निरंक लिही, सरकारला तेवढं तरी समाधान मिळू दे. ग्रामपंचायतीलाही तोच नियम, सप्टेंबर २००१ नंतरच्या तिसऱ्यासाठी. कित्येक सरपंच तुझ्यासारख्यांच्या जन्मदाखल्यावरून खुर्चीतून उतरले. गावातला विरोधक बाळंतपणाच्या तारखा सुइणीपेक्षा चांगल्या लक्षात ठेवतो, हे मी वेगळं सांगायला नको. मग घरच्यांनी कुठे तिसऱ्याला मावशीच्या नावावर दाखवलं, कुठे तो आमचा नव्हेच म्हटलं. तुझ्या जातीची मुलं अशी जिल्हाधिकाऱ्यांसमोरच्या सुनावणीत पहिल्यांदा भेटतात.

प्रसूती रजा? दोन अपत्यं हयात असली की नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजना? पहिल्याला पाच हजार, दुसरी मुलगी असेल तर सहा हजार, तिसऱ्याचा रकानाच नाही. मुलगी झाली तर आपली लेक लाडकी योजना आहे, पण तिथे दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केल्याचा कागद लागतो. म्हणजे नागपुरातून तुला निमंत्रण आणि मंत्रालयातून तुझ्या आईला टाके.

एक चोरवाट आहे, ती कानात सांगते. एक मूल असताना पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही झाली तरी कायदा ती एकच धरतो. तुला दादाबरोबर जुळं म्हणून यायला हवं होतं. तेव्हा तू उशीर केलास. आता बारा वर्षांनी काही उपयोग नाही.

दुसरी वाट भौगोलिक आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात परमडोली, मुकादमगुडा अशी चौदा गावं आहेत. त्यांच्यावर महाराष्ट्रही हक्क सांगतो आणि तेलंगणाही. माणसांकडे रेशनकार्डं दोन, मतदार ओळखपत्रं दोन. आंध्रापाठोपाठ तेलंगणानेही २०२५ मध्ये दोन मुलांची अट काढायचं ठरवलं. तेव्हा तिथल्या एखाद्या खाटेवर तू जन्मलास तर तुझा बाप एकाच सकाळी महाराष्ट्रात पंचायतीला अपात्र आणि तेलंगणात पात्र. तुझ्या बाबांना बदलीसाठी विचारलं. ते म्हणाले, डोंगरात नेटवर्क नसतं. तुझ्याबद्दल त्यांचं मत मी अजून काढून घेतलेलं नाही.

सोळा मुलांच्या राज्याबद्दल मात्र पूर्ण सांगायला हवं. तिथल्या एका सरकारी शिक्षिकेला तिसऱ्या बाळंतपणाची रजा नाकारली होती. पहिल्या लग्नाची दोन मुलं, आता दुसरं लग्न, त्या लग्नातलं हे पहिलं. नियम म्हणाला, दोन झाली, रजा नाही. बाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. समोर राज्य सरकार उभं होतं, रजा न देण्याच्या बाजूने. मे २०२५ मध्ये न्यायालयाने बाईंच्या बाजूने निकाल दिला आणि प्रसूती रजा हा प्रजननाच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. व्यासपीठावर सोळा आणि वकीलपत्रात दोन, हे मला तुझ्या बाबतीतलं सगळ्यात खरं सरकारी धोरण वाटतं.

तसा तू मुळात बेकायदा नव्हतास. साठच्या दशकात सरकारी घोषवाक्य होतं, दो या तीन बच्चे, बस. कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या बाजूला तुझ्यासाठी जागा होती. मग हम दो हमारे दो आलं आणि तुला खाली उतरवलं. १९७६ साली तर आपल्याच विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. देशात असं करणारे आपण पहिले. राष्ट्रपतींची संमती यायच्या आत आणीबाणी संपली, म्हणून ते कपाटात राहिलं. त्या एका आर्थिक वर्षात देशभर ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या. तुझे आजोबा तेव्हा शाळामास्तर. वर्गाच्या पटाइतकंच केसेसचं टार्गेट महत्त्वाचं होतं, असं ते सांगायचे. पन्नास वर्षांत एवढाच फरक पडला की टार्गेटच्या आधीचं चिन्ह बदललं.

परदेशी जायचा विचार असेल तर थोडक्यात सांगते. सिंगापूरने सत्तरच्या दशकात दोनवर थांबा सांगितलं आणि १९८७ मध्ये तीन किंवा जास्त होऊ द्या, परवडत असेल तर. ते शेवटचे तीन शब्द छापणारं सरकार मला प्रामाणिक वाटतं. चीनने पस्तीस वर्षं एकावर दांडगाई केली, २०१६ ला दोन, २०२१ ला तीन, आता तीन वर्षांपर्यंत दरवर्षी ३,६०० युआन आणि जानेवारी २०२६ पासून निरोधावर १३ टक्के कर. दक्षिण कोरियाने तर पैशाची थैलीच उलटी केली. २०२३ मध्ये तिथला दर ०.७२ होता. तिथल्या बायका थैली बघून हो म्हणत नाहीत, तर विजयनगरमच्या गाईचं काय घेऊन बसलास.

राहता राहिलं घर. तुझ्या आजीने ताईला सांभाळलं, दादाला सांभाळलं, मग दोन्ही गुडघे बदलून घेतले. तुझं नाव निघाल्यावर तिने स्वच्छ सांगितलं: बारशाला येईन, पाळणाही म्हणेन, पण दुसऱ्या दिवशी मी भजनी मंडळाबरोबर पंढरपूरला. तुझी मावशी खाजगी कंपनीत आहे. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, असा २०१७ पासून नियम आहे. तिच्याकडे खोली आहे, पाटीही आहे, आत बंद पडलेले प्रिंटर आहेत. त्याच नियमांत पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे रजा आणि तुला १२. तू निम्म्याहून कमी वेळात मोठा होशील अशी संसदेची अपेक्षा आहे. अंगणवाडी दुपारीच सुटते आणि मी कार्यालयातून सहाला निघते. मधले तास तू कुठे काढायचेस, यावर आतापर्यंत ना सोळावाल्यांनी काही सांगितलं, ना तीनवाल्यांनी.

आकडे सांगणाऱ्यांच्या या गर्दीत एक वेगळे गृहस्थ आठवले. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी कॉलेजातली नोकरी गेली, पुढे १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. मूल कधी, किती आणि हवं की नको, हे बाईने ठरवावं असं ते लिहीत राहिले आणि खटले अंगावर घेत राहिले. तेव्हाच्या लोकांनी त्यांना अश्लील ठरवलं. आज ते असते तर बहुधा राष्ट्रविघातक ठरले असते, कारण त्यांनी स्वतःही एकाही मुलाचा हातभार लावला नाही.

तर तुझ्या प्रकरणी सद्यस्थिती अशी. मागणी वरून आलेली आहे. आर्थिक तरतूद नाही. मनुष्यबळ म्हणजे मी, आणि माझी अर्जित रजा आठ दिवस शिल्लक आहे. ज्या खात्याने तुला बोलवायचं त्याच खात्याचा नियम तुला अपात्र ठरवतो. तुझ्या आईचा अभिप्राय कुठल्याही स्तरावर मागवलेला नाही. तो मागवल्यावर, आणि तोपर्यंत मी पन्नाशीला पोहोचले नसेन तर, प्रस्ताव पुन्हा सादर करता येईल.

तुझी,
(संभाव्य) आई

प्रत माहितीसाठी सविनय सादर: मा. मुख्यमंत्री, आंध्र प्रदेश, मा. मुख्यमंत्री, तमिळनाडू, मा. सरसंघचालक, नागपूर, मा. खासदार, विजयनगरम (गाईसंदर्भात स्वतंत्र पत्रव्यवहार करण्यात येईल).
प्रत योग्य त्या कार्यवाहीसाठी: सोसायटीचे सेक्रेटरी.
निवड नस्ती.