काळजीवाहू निवड समिती

मुंबईतलं जोगेश्वरी उपनगर देवीच्या नावानं ओळखलं जातं. पूर्वेला सहाव्या शतकातली लेणी आहेत. ती कोरली महादेवासाठी, पण आज गाभाऱ्यात जोगेश्वरी आहे आणि रेल्वेच्या पाटीवरही तीच. एवढं मोठं पद तिला मिळालं, कारण देवीला मुलाखत द्यावी लागली नाही.

बाकीच्यांना द्यावी लागते. सहाय्यक प्राध्यापकाच्या एका जागेसाठी जोगेश्वरी पूर्वेच्या एका महाविद्यालयात निवड समिती बसली. टेकडीवर १९३० पासून उभ्या असलेल्या इस्माईल युसुफ कॉलेजचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. हे कॉलेजही काल्पनिक आणि समितीही काल्पनिक. ओळखीची वाटली, तर तो ज्याचा त्याचा अनुभव.

समितीत चार सर आणि एक मॅडम होत्या. इतिवृत्त लिहिण्याचं काम सर्वानुमते मॅडमकडे गेलं. त्यांचं अक्षर छान आहे. पक्षपाती असं कुणीच नव्हतं. सगळे नुसते काळजी करणारे होते.

पहिली उमेदवार विक्रोळीची. नेट झालेलं, पीएच.डी. झालेली, शोधनिबंध छापून आलेले. याच कॉलेजात आठ वर्षं सीएचबीवर, म्हणजे जितके तास तितके पैसे आणि मे महिन्यात काहीच नाही. अध्यक्षांनी फाइल मिटली आणि आपुलकीनं विचारलं, ‘‘विक्रोळीहून रोज यायचं म्हणजे जेव्हीएलआरचं ट्रॅफिक. झेपेल ना मॅडम?’’ आठ वर्षं ती त्याच रस्त्यानं येत होती. तासिकेसाठी आलेलं झेपत होतं, पगारासाठी झेपेल का, एवढीच शंका होती. दुसऱ्या सरांनी मुलगी केवढी आहे ते विचारलं. तीन वर्षांची. तिसऱ्यांनी ‘‘मिस्टरांची बदलीची नोकरी नाही ना?’’ एवढं जाणून घेतलं. विषयतज्ज्ञांना विषयावरही एक प्रश्न विचारायचा होता, पण तेवढ्यात चहा आला.

दुसरा उमेदवार विरारहून आला होता. त्याच्या वाटेत ट्रॅफिक नव्हतं. सकाळी विरारला गाडीत शिरणारा माणूस चिवट असणारच, असं तज्ज्ञ कौतुकानं म्हणाले. त्यालाही तीन वर्षांचा मुलगा होता. ‘‘वा, म्हणजे सेटल झालात! आता टिकून काम कराल,’’ अध्यक्ष म्हणाले. मूल तेवढ्याच वयाचं. तिच्या अर्जात ती अडचण होती, याच्या अर्जात तो अनुभव झाला.

या काळजीला मोठी परंपरा आहे, नोबेल पारितोषिकाचं वजनही आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सीत पहिल्या आलेल्या कमला भागवत यांनी बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये अर्ज केला. वडील आणि काका तिथेच शिकलेले, त्यामुळे मुलीलाही प्रवेश मिळेल असं घरच्यांनी धरलं होतं. संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांनी नाही म्हटलं. कारण गुणांचं नव्हतं. अर्ज मुलीचा होता. गांधींचा काळ, मुलगी भागवतांची आणि लेखिका दुर्गाबाईंची धाकटी बहीण. तिनं सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. मग रामन यांनी अटी घातल्या: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करायचं आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडवायचं नाही. मुलांचं चित्त विचलित झालं, तर ते सावरण्याची जबाबदारीही मुलीचीच. वर्षभरात वातावरण बिघडलं नाही. उलट तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला.

कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या. बटाट्यापासून सुरुवात करून त्यांनी वनस्पतींच्या पेशींतलं सायटोक्रोम सी शोधलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. प्रबंध चाळीसच पानांचा. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या, मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या आणि नीरेच्या पोषणमूल्यांवर त्यांनी काम केलं. संस्थेचं संचालकपद मात्र त्यांना हक्काच्या वेळेपेक्षा सुमारे चार वर्षं उशिरा मिळालं. यावेळी अडवणारे नोबेलविजेते नव्हते. अंतर्गत राजकारणालाही हे काम येतं.

रामन यांच्याच हाताखाली ॲना मणी यांनी हिरे आणि माणकांवर संशोधन केलं. पाच शोधनिबंध लिहिले आणि १९४५ मध्ये प्रबंध सादर केला. मद्रास विद्यापीठानं पीएच.डी. नाकारली, कारण त्यांच्याकडे एमएस्सीची पदवी नव्हती. विद्यापीठाला नियमाची काळजी. पुढे पुण्याच्या हवामान खात्यात ॲना मणी यांनी देशाला स्वतःची मोजमापाची उपकरणं बनवायला शिकवलं. वाऱ्यानं त्यांची पदवी कधी विचारली नाही.

‘‘तो काळच तसा होता हो,’’ असं या टप्प्यावर कुणीतरी म्हणतंच. म्हणून २०१२ सालचा काळ पाहू. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एक अर्ज पाठवला. अर्ज शब्दशः तोच, फक्त काहींच्या प्रतीवर नाव जॉन आणि काहींच्या प्रतीवर जेनिफर. जॉन अधिक सक्षम ठरला आणि त्याला वर्षाला सरासरी ३०,२३८ डॉलर द्यावेत असं निघालं. जेनिफरला २६,५०८. एका नावाची किंमत ३,७३० डॉलर. यात गंमत अशी, की प्राध्यापिकांनीही जेनिफरला तेवढंच कमी तोललं. त्यांपैकी कुणाला विचारलं असतं, तर प्रत्येकानं छातीवर हात ठेवून आपण गुणवत्ताच पाहतो असं सांगितलं असतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. हा पक्षपात मनात कुठे बसलाय, ते घरमालकालाच ठाऊक नसतं. मॅडम इतिवृत्तात ‘घर लांब’ असं सुवाच्य अक्षरात लिहितात, त्याचंही उत्तर यातच असावं.

आपल्याकडे शांतिस्वरूप भटनागर पुरस्कारासाठी वयाची अट पंचेचाळीसची होती. पंचेचाळिशीच्या आतली वर्षं म्हणजे बायकांच्या आयुष्यात बाळंतपणाची, बालवाडीची आणि सासूबाईंच्या गुडघ्यांची. २०२१ मध्ये अकरा शास्त्रज्ञांना तो मिळाला, २०२२ साठी बारा जणांना. दोन्ही याद्या मिळून तेवीस नावं आणि त्यांत बाई एकही नाही. हा योगायोग इतका शिस्तबद्ध, की त्यालाच एक पुरस्कार द्यायला हवा होता.

पदांच्या बाबतीत तरी कुणी घाई केली असं म्हणता येणार नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. पहिल्या महिला कुलगुरू डॉ. मेहरू बंगाली आल्या १९८६ मध्ये. शोध १२९ वर्षं चालला. पुढे १९९५ मध्ये कुलगुरू झालेल्या डॉ. स्नेहलता देशमुख यांनी पदवी प्रमाणपत्रावर आईचं नाव घालायचा निर्णय घेतला. तोवर पदवीधर मुलं कागदोपत्री वडिलांनाच झालेली होती. आयआयटींना पहिल्या महिला संचालक मिळाल्या त्या २०२३ मध्ये. डॉ. प्रीती अघालयम यांची नेमणूक झाली ती मद्रास आयआयटीच्या झांझिबारमधल्या शाखेवर. त्यांनी पूर्वी पवईच्या आयआयटीतही शिकवलं आहे, पण खुर्चीसाठी समुद्र ओलांडावा लागला. तिथे जेव्हीएलआर नसावा.

जोगेश्वरीच्या समितीनं निर्णय घ्यायला वेळ लावला नाही. पहिली उमेदवार उत्तम, अभ्यासू, विद्यार्थिप्रिय. परंतु घरच्या जबाबदाऱ्या पाहता तिच्यावर जादा भार टाकणं योग्य होणार नाही, सबब विरारचे सर. ‘सबब’वरचा अनुस्वार राहिला असं अध्यक्षांना वाटलं. मॅडमनी त्या शब्दावर अनुस्वार नसतो, असं नम्रपणे सांगितलं. वाचून झाल्यावर पाचही सह्या झाल्या.

सर रुजू झाले सोमवारी. त्या दिवशी विरारला पाळणाघर बंद होतं आणि पत्नीला ऑफिसात महत्त्वाची मीटिंग होती, म्हणून मुलाला कडेवर घेऊन आले. प्राचार्यांना गहिवरून आलं. ‘‘बघा, किती जबाबदार बाप!’’ ते शिपायाला म्हणाले आणि पोरासाठी बिस्किटाचा पुडा मागवला. मग सरांचा पहिला तास सुरू व्हायचा म्हणून मुलाला स्टाफरूममध्ये नेऊन विक्रोळीच्या मॅडमकडे दिलं. त्यांचा पुढचा तास साडेअकराला होता आणि मधल्या वेळाचे पैसे त्यांना तसेही मिळत नाहीत.