पत्रास कारण की, बचावफळी

सरे, ब्रिटिश कोलंबिया
दि. 14 जुलै 2024

तीर्थरूप नानांस,
लेकीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. आई मजेत आहे. तुमची आठवण काढते. हॉकीचा हंगाम चालू होता तोवर जरा कमी काढत होती, इतकेच. फोनवर तुम्ही विचारलेत, "घरात चार माणसं आणि चार पक्ष, भांडता तरी कशावरून?" भांडण व्हँकुव्हर कनक्स या आमच्या आइस हॉकी संघातला दोन नंबरचा बचावपटू कोण, यावरून आहे. विषय निघाला की आई हातातून फोन ओढून घेते, म्हणून सविस्तर पत्र.

एक नंबरवर वाद नाही. क्विन ह्यूज, संघाचा कर्णधार. उंची 178 सेंटिमीटर. इथल्या बचावपटूंत अगदीच किरकोळ. त्याला पहिल्यांदा पाहून आई म्हणाली, "हाऊ पोऱ्या जेवस का नही?" तर न जेवणाऱ्या या पोराने 82 सामन्यांत 17 गोल केले, 75 गोलांना हात लावला, एकूण गुण 92. गेल्या महिन्यात 27 तारखेला त्याला नॉरिस करंडक मिळाला. लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूला तो देतात. कनक्स 1970 पासून या लीगमध्ये आहेत, पण हा करंडक त्यांच्याकडे आला तो पहिल्यांदाच. लीगच्या विजेत्याचा स्टॅन्ली कप तर अजून एकदाही आलेला नाही. 1982, 1994 आणि 2011, तीनदा अंतिम फेरीत जाऊन हरले. त्यामुळे इथल्या लोकांचा स्वभाव कापूस पिकवणाऱ्यासारखा झाला आहे, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

तुमची शंका रास्त आहे. ज्याने गोल अडवायचे, त्याचे मोजमाप गोल केल्यावर कसे? इथला हिशेब असा: गोल करणाऱ्याला एक गुण, आणि त्याच्या आधी चकती पुढे देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना एकेक. अडवलेल्या गोलाला गुण नाही. त्यावर उतारा म्हणून अधिक-उणेचा आकडा ठेवतात. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने गोल केला की अधिक एक, खाल्ला की उणे एक. समोरचा माणूस शिक्षेवर बसलेला असताना केलेले गोल त्यात धरत नाहीत. ह्यूज अधिक 38. पण चांगल्या सोबत्याबरोबर नुसते उभे राहिले तरी हा आकडा वाढतो, हे तुमच्या नातवाला कोण सांगणार? त्याने सगळ्यांचे आकडे फ्रिजवर चिकटवले आहेत. आपल्याकडे तरी वेगळे काय चालते म्हणा! हरमनप्रीत सिंग बचावपटूच, पण नाव झाले ते पेनल्टी कॉर्नरवरच्या ड्रॅग फ्लिकने.

मी मात्र तुमचीच रीत वापरली. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याच्या आयाळीवर भाळणाऱ्यांना तुम्ही हसायचात आणि मालकाला म्हणायचात, "मागं सरकवून दाखव." इथल्या बचावपटूची परीक्षा नेमकी तीच. समोरून एडमंटनचा कॉनर मॅकडेव्हिड सुटतो, आणि याने त्याच्याकडे तोंड ठेवून उलटे स्केटिंग करत मागे जायचे असते. त्या दोन-चार सेकंदांत माल खरा की खोटा ते कळते.

या परीक्षेत माझे मत फिलिप ह्रोनेकला. हा ह्यूजचा जोडीदार, 48 गुण, अधिक 33. ह्यूज चकती घेऊन पुढे निघाला की मागे जी मोकळी जागा पडते, ती हा सांभाळतो. तुमचे जावई म्हणतात, ह्यूजशेजारी कोणीही शोभेल, आणि हंगामाच्या उत्तरार्धात ह्रोनेकचे गुण आटले त्याचे काय? आटले, खरे आहे. पण नवरा-बायकोच्या संसारात कोण कोणामुळे शोभते, ही चर्चा जावयांनी न काढलेली बरी.

जावयांचा माणूस टायलर मायर्स. सहा फूट आठ इंच! पाय कुठे, काठी कुठे, चकती कुठे, याचा एकमेकांशी संबंध असतोच असे नाही. लोक त्याला प्रेमाने गोंधळ घालणारा जिराफ म्हणतात. यंदा मात्र गोंधळ कमी, काम जास्त. इयन कोल आणि कार्सन सूसीवर मी वेळ घालवत नाही. मेहनती आहेत, भांडण्याजोगे नाहीत.

आता आईचा. निकिता झादोरोव. शनिवारी इथे पंजाबीतून समालोचन असते, 2008 पासून. आईला ते हिंदीच्या जोरावर निम्मे कळते आणि उरलेले ती स्वतः भरते. झादोरोवने कोणाला काचेवर आपटले की तिचा चहा गोड होतो. वर त्याने प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या, 13 सामन्यांत 4 गोल केले. ह्यूजचा तिथे एकही नाही. हा मुद्दा ती जेवताना रोज वाढते.

20 मेच्या संध्याकाळी एडमंटनविरुद्ध सातवा, निकालाचा सामना होता. तुमच्याकडे 21 ची सकाळ, आणि चहाची पावडर कुठे आहे म्हणून तुम्ही फोन करत होता. आईने तो का उचलला नाही, ते आता सांगते. आपण 3-0 मागे होतो. शेवटच्या भागात दोन गोल फेडले, त्यातला दुसरा ह्रोनेकचा. तिसरा काही झाला नाही. 3-2 ने गेलो. पावडर खालच्या फळीवर, हळदीच्या डब्यामागे आहे.

बाजाराचा निकाल म्हणाल, तर संघाने ह्रोनेकशी आठ वर्षांचा करार केला, वर्षाला साडेबहात्तर लाख डॉलर. मायर्सला तीन वर्षे, वर्षाला तीस लाख. झादोरोव मात्र 1 जुलैला बोस्टनकडे गेला, आणि तेव्हापासून घरात बोस्टनचे नाव काढायची सोय नाही.

26 पासून पॅरिसला ऑलिंपिक आहे. शहाद्यात वीज असेल तेव्हा आपल्या हॉकीचे सामने बघा, आणि बचावफळीत मागे सरकताना कोण चांगला वाटतो ते कळवा. पपईचा भाव काय चालला आहे, तेही. पत्र माझ्या नावाने टाका.

तुमची,
लेक

ता. क. आई सांगते आहे, झादोरोव साडेसहा फूट आहे हे मी मुद्दाम लिहिले नाही. लिहिले.