बेळगावची गाडी

अकरा वर्षं सिंगापुरात काढून मी कसबा पेठेतल्या वाड्यात राहायला आलो, तेव्हा दारात उतरलेल्या सतरा खोक्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आत्यानं चहाचा कप हातात देताना एवढंच विचारलं, "गाडी घेणारेस का?" सूर असा होता, जणू मी दारू पितो का हे ती विचारत होती.

सिंगापुरात हा प्रश्न सरकार विचारतं. गाडी घ्यायची तर आधी ती बाळगायचा परवाना लिलावात घ्यावा लागतो, ही तिथली १९९० पासूनची पद्धत. परवाना दहा वर्षांचा, आणि पुष्कळदा गाडीपेक्षा तोच महाग. नाकापेक्षा मोती जड. पुण्यात अशी काही भानगड नाही, या आनंदात मी होतो. पुण्यात मोत्याचा प्रश्न नसतो, नाकाला जागा कुठून आणायची हा असतो, हे कळायला आठ दिवस लागले.

माझी तिकडची गाडी सात वर्षांची होती. तिच्या सीटला माझ्या पाठीचा आकार आला होता, म्हणून तीच इकडे आणावी असं मनात होतं. चौकशी केली. वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर तिचं वय तीन वर्षांच्या आत हवं, स्टिअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला मानवणारा हवा आणि गाडी उतरायला हवी मुंबई बंदरात. हे सगळं जमलं की मग शुल्क, आणि ते गाडीच्या किमतीहून जास्त.

आत्यानं यादी शांतपणे ऐकली. "स्थळ चांगलंय, पण वय जास्त," ती म्हणाली आणि विषय मिटला.

मग इथलीच लहानशी गाडी बघायची ठरली. लहान गाडी कशाला म्हणायचं हे सरकारनं नक्की केलेलं आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, मग २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर जीएसटी १८ टक्के. कसब्याची व्याख्या याहून सोपी आहे. आळीत शिरून परत बाहेर येते ती लहान. नुसती शिरते ती मोठी.

ही व्याख्या खालच्या काकांची. खालचे काका म्हणजे तळमजल्यावरचे. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कालवे मोजले, निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नव्हतं. माझ्या गाडीची बातमी कळताच ते पोलादी टेप घेऊन खाली हजर. एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या. आम्ही आळी तीन ठिकाणी मोजली. कोपऱ्यावर साडेनऊ फूट. तांबट आजोबांच्या दुकानाच्या पायरीपाशी आठ फूट. आणि आमच्या ओट्याचा कोपरा ते विजेचा खांब, सात फूट एक इंच. काकांनी तो आकडा कॅलेंडरच्या मागे लिहून त्याला दोनदा चौकट केली.

"स्विफ्टची रुंदी १७३५ मिलिमीटर," मी फोनमध्ये बघून म्हणालो. "म्हणजे पाच फूट आठ इंच. भरपूर जागा आहे."

"आरसे कोण धरणार? तुझे वडील?"

आरसे धरले. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं उरली.

"चार बोटं पुष्कळ झाली," मी म्हणालो.

"शाइस्तेखानालाही तसंच वाटलं असेल," काका टेप गुंडाळत म्हणाले.

लालमहाल इथून हाकेच्या अंतरावर. मे १६६० पासून जवळजवळ तीन वर्षं पुण्यात ठिय्या देऊन बसलेल्या त्या माणसाला १६६३ च्या एप्रिलमधल्या एका रात्री हा परिसर सोडताना बोटांची किंमत मोजावी लागली. कसब्यात जागा अडवून बसणाऱ्याला काका हा इतिहास ऐकवतात.

अशात बेळगावहून ताईचा फोन आला. भावोजींनी नवी मोठी गाडी घेतली होती आणि तीन वर्षांची पांढरी स्विफ्ट दारात उभी होती. फोन भावोजींनी हिसकावला. "घेऊन जावा की हो! इथं नुसती उभी हाय. धुवून धुवून मी दमलोय."

मी रात्रीच्या बसनं बेळगाव गाठलं. सकाळी कुंदा खाल्ला, दुपारी परत कुंदा खाल्ला आणि मधल्या वेळात कागद समजून घेतले. बेळगावची गाडी पुण्यात आणणं ही आयातच आहे, फक्त त्यात जहाज नसतं. गाडी केए २२. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांवर राहणार असेल, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी जुन्या आरटीओचा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८. मग मालकी बदलाचे २९ आणि ३०. मग नव्या नंबराचा २७. तिकडे एकदाच भरलेला रोड टॅक्स उरलेल्या वर्षांपुरता परत मागायचा आणि महाराष्ट्राचा नव्यानं भरायचा. दहा लाखांच्या आतली पेट्रोल गाडी नवी असेल तर आपल्याकडे ११ टक्के, जुनीला वयोमानाप्रमाणे सवलत.

ना-हरकत दाखला हातात पडेपर्यंत आणखी दोनदा कुंदा खायला जावं लागलं. शेवटच्या खेपेला भावोजींनी किल्ली हातात ठेवली तेव्हा माझी छाती भरून आली. बेळगाव आमचं, असं आपण १९५६ पासून म्हणतो आहोत. दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये गेला, तो अजून तिथेच आहे. मी मात्र चार फॉर्मांच्या जोरावर बेळगावचा पावणेचार मीटरहून थोडा जास्त भाग महाराष्ट्रात सामील करून घेतला होता. निपाणी मागे पडली, कागल आलं आणि मी हॉर्न वाजवला. शेजारच्या उसाच्या ट्रॅक्टरला वाटलं मला पुढे जायचंय. त्यानं बाजू दिली नाही.

कोल्हापूर, कराड, सातारा, खंबाटकी. बेळगाव ते पुणे साडेतीनशे किलोमीटर मी साडेसहा तासांत काटले. शनिवारवाडा ते आमचा वाडा पाच मिनिटं चालत. त्याला पाऊण तास लागला.

एक तर रस्ता खणलेला होता. जिजाऊंनी बाळराजांच्या हातून याच भूमीत सोन्याचा नांगर फिरवला असं सांगतात. तेव्हापासून इथली जमीन उकरायची परंपरा कसब्यानं निष्ठेनं जपली आहे. दुसरं म्हणजे, गाडी चालवतो तो ड्रायव्हर हा समज महामार्गापुरता खरा. पेठेत ड्रायव्हर फक्त पेट्रोल पुरवतो. आळीच्या तोंडाशी गाडी दिसताच दुधवाला, दोन शाळकरी पोरं, इस्त्रीवाले, खालचे काका आणि गॅलरीतून आत्या अशा सहा जणांनी सूत्रं हातात घेतली.

"येऊ द्या, येऊ द्या!"

"उजवीकडे काट मारा! तुमच्या नाही, माझ्या!"

"अजून अर्धा फूट आहे!"

"अर्धा फूट नाही, साडेचार इंच," काका म्हणाले.

"काका, तुम्ही पुढून बघा की!"

"पुढून बघितलं तर मागचं कोण बघेल?"

"अरे, वरून सगळं नीट दिसतंय, ये तू!" आत्या. तिला वरून गाडीचं टप दिसत होतं आणि ते खरोखरच कशाला लागत नव्हतं.

आणि मग खट् असा आवाज आला. डावा आरसा खांबाशी हुज्जत घालून खाली पडला.

पलीकडे तांबट आजोबा पायरीवर बसून तांब्याचा हंडा ठोकत होते. पेशवाईत इथे वसलेल्या त्वष्टा कासारांच्या घरातले. हातोडा क्षणभर थांबला. मान वर झाली नाही. "डावा," ते म्हणाले, आणि पुन्हा ठकठक सुरू झाली.

गाडीच्या दाराला वीतभर पोचाही आला होता. संध्याकाळी आजोबा तो बघायला उठून आले. त्यांनी बोटाच्या पेरानं पत्रा वाजवला, ऐकला आणि नापसंतीनं मान हलवली. "पत्रा हलका हाय. पण काळजी करू नका. हे काढायचं नाही."

"मग?"

"सगळ्या गाडीला मठार करून देतो."

मठार म्हणजे तांब्याच्या भांड्यावर ओळीनं हातोडीचे ठोके मारून उमटवलेली नक्षी. ठोका शेजारी ठोका, मासळीच्या खवल्यांसारखा, उजेड पडला की सगळं भांडं लुकलुकतं. त्यानं तांबं टणकही होतं. आजोबांचं म्हणणं असं, की अंगभर मठार असल्यावर त्यात आणखी एक पोचा आला काय, दहा आले काय, डिझाइनच वाटणार. पेठेत गाडी ठेवायच्या समस्येवर इतका मुळापर्यंत जाणारा विचार मी कुठे ऐकलेला नाही. नाही म्हणताना जीभ जड झाली.

नोंदणीला जायचं तर आरसा हवा. कसब्याचं भाग्य असं, की कुंभारवेशीतून आरटीओकडे जाताना वाटेतच जुना बाजार लागतो. बुधवारी आणि रविवारी भरतो. मी बुधवार धरला. काका बरोबर होते, भाव करायला. गंजलेले पाने, एकेकटे बूट, ग्रामोफोनचे कर्णे यांच्या मधोमध एका ताडपत्रीवर आरसेच आरसे मांडलेले होते आणि प्रत्येकात काकांचा एकेक त्रासलेला चेहरा. स्विफ्टचा डावा आरसा एकच होता. लाल.

"गाडी पांढरी आहे आमची," मी म्हणालो.

"मागचं दिसायला रंग लागतो का साहेब?" विक्रेता म्हणाला. काकांनी पन्नास रुपये कमी करून घेतले, ते लाल रंगाचे.

अशी एका लाल कानाची गाडी घेऊन मी आरटीओत गेलो. खिडकीवरच्या बाई समंजस होत्या. चूक माझी होती. पत्त्याचा पुरावा म्हणून मी वाड्याचं लाइट बिल नेलं होतं आणि ते अजून माझ्या आजोबांच्या नावावर होतं.

"हे तुम्ही का?"

"नाही, आजोबा."

"त्यांना आणता येईल?"

"ते १९८७ मध्ये गेले."

बाईंनी चष्मा काढून बिल पुन्हा पाहिलं. "बिल मात्र वेळेवर भरतात," त्या म्हणाल्या, आणि आधार कार्डावर पत्ता बदलून आणायला सांगितलं.

पुढच्या खेपेला पत्ता बदललेला होता. मग चेसिस नंबराचा ठसा. बॉनेट उघडायचं, कोरलेल्या नंबरावर चिकटपट्टी लावायची आणि वरून शिसपेन्सिल आडवी घासायची. लहानपणी चार आण्याच्या नाण्यावर कागद ठेवून घासायचो तसंच. करड्या पट्ट्यातून एकेक अक्षर वर येतं. सतरा अक्षरं-आकडे नीट उमटले तेव्हा मला चित्रकलेच्या तासाला न मिळालेलं समाधान मिळालं. मी दोन जास्तीचे ठसे काढून घेतले. एक अजून पाकिटात आहे.

नंबर कुठला घ्यायचा यावर वाड्यात चर्चा झाली. गावचा मानाचा पहिला गणपती आपल्या पेठेचा, तर गाडीलाही पहिला नंबर हवा, असं इस्त्रीवाल्यांचं मत पडलं. पुण्यासारख्या मागणीच्या ठिकाणी ०००१ या आकड्याला २०२४ पासून सहा लाख रुपये पडतात हे मी सांगितलं. गाडी पाच लाखांची होती. "मग रांगेत येईल तो घे," आत्या म्हणाली. "गणपतीनं तरी कुठे पैसे भरलेत."

रांगेत आला तो नंबर घेतला. निळ्या अक्षरांत 'आयएनडी' आणि कोपऱ्यात चमकतं अशोकचक्र असलेली एमएच १२ ची पाटी बसली. कसबा गणपतीसमोर नारळ फुटला, चार चाकांखाली चार लिंबं चिरडली गेली, त्यातलं एक आत्यानं आधीच सरबतासाठी बदलून हलकं ठेवलं होतं.

राहिली जागा. गाडी लावायची जागा दाखवल्याशिवाय नवी गाडी नोंदवू नये, असा विचार सरकारनं २०२५ मध्ये बोलून दाखवला होता. "दाखला मी देतो," काका म्हणाले, "माझं अक्षर चांगलं आहे." वाड्याच्या चौकात गाडी घ्यायची तर दिंडी दरवाज्याचा उंबरा काढावा लागला असता आणि ते आत्याच्या हयातीत शक्य नव्हतं. शेवटी ओट्याला लागून जागा ठरली. अटी तोंडी होत्या. सकाळी बॉनेटवर काका पेपर पसरून वाचणार. उन्हाळ्यात टपावर आत्याचे सांडगे वाळणार. संध्याकाळी पोरांचा स्टंप म्हणजे मागचा बंपर. मांडव पडला की गाडी औंधला मावसभावाकडे पाहुणी. सिंगापूरच्या लिलावापेक्षा हे स्वस्त पडलं, पण दहा वर्षांची मुदत कुणी लिहून दिली नाही.

परवा संध्याकाळी मंडईतून परतलो, तर ओट्याशी कुणाची तरी करडी गाडी. आत एक गृहस्थ फोनवर बोलत बसलेले. मी मागे ताटकळत. तेवढ्यात काका बनियनवर बाहेर आले आणि त्यांनी काचेवर टकटक केलं.

"काढा गाडी. ही बेळगावची जागा आहे."

"कुणाची?"

"बेळगावची. ती काय मागे उभीय."

गृहस्थांनी मागे वळून पाटी वाचली. "अहो, ती तर एमएच बारा आहे."

"असेल. बेळगावचीच आहे. सिंगापूर चालवतो."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, लाल कानाकडे पाहिलं, बनियनकडे पाहिलं आणि वाद न घालता गिअर टाकला. काका बाजूला झाले. आत्या गॅलरीत आली. दुधवाला थांबला. "येऊ द्या, येऊ द्या!" मी म्हणालो. मलाच नवल वाटलं.

खट्.

पायरीवर हातोडा थांबला. "उजवा," तांबट आजोबा म्हणाले, आणि ठकठक पुन्हा सुरू झाली.