कुस्कोत लावलेलं झाकण

अहो वहिनी, दूध गॅसवर आहे का? मग आधी बंद करून या. हे दोन मिनिटांत उरकणारं नाही. तुमचा चकलीचा डबा परत द्यायचाय, पण असा भिंतीवरून नुसता टेकवून जाता येणार नाही. त्याला इतिहास झालाय. इतिहास कसला, भूगोलच.

आलात? हं.

आल्यापासून जो तो विचारतोय, माचू पिचू कसं होतं? छान होतं. फोटोत दिसतं तसंच आहे, फक्त फोटोत गुडघे दुखत नाहीत. पण खरं सांगू, मला आठवतो तो त्याच्यानंतरचा दिवस. टूरच्या पत्रकात त्या दिवसापुढे एकच ओळ होती: ‘सकाळी विमानाने सांतियागोकडे प्रयाण.’ बस, एवढंच. बाकीच्या दिवसांना कशी चारचार ओळींची वर्णनं, ‘विलोभनीय’ न् ‘अविस्मरणीय’. ह्या बिचाऱ्याला एक विशेषण नाही.

आता ‘सकाळी’ म्हणजे किती वाजता? पावणेतीनला खोलीतला फोन खणखणला. बॅगा आदल्या रात्रीच दाराबाहेर ठेवायला लावलेल्या, त्यामुळे ह्यांचा स्वेटर बॅगेत आणि बॅग बसच्या पोटात. कुस्कोची विमानं शक्यतो सकाळच्या प्रहरी काढायला बघतात म्हणे. गाव डोंगरांच्या खोबणीत, दुपारी वारं सुटतं, त्यातून हवा आधीच विरळ. विमानतळच ३,३१० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. दोन कळसूबाया एकीच्या डोक्यावर एक उभ्या केल्या तरी विमानतळ वरच राहतो!

बसमध्ये मोजणी सुरू. टूर मॅनेजर म्हणजे पंचविशीतलं पोर, पण आवाज शाळेतल्या पीटीच्या मास्तरांचा. बत्तीस हवेत, एकतीस भरतायत. पुन्हा मोजले, पुन्हा एकतीस. मी शेजारची सीट बघितली आणि माझ्या लक्षात आलं. आमचे हे लॉबीत थर्मासपाशी उभे राहून कोकाच्या पानांचा चहा पितायत, तोही चौथा कप! तिकडे हॉटेलात तो फुकट ठेवतात, विरळ हवेचा त्रास कमी व्हावा म्हणून. शेजारी सुक्या पानांची बरणी. पोरानं आदल्या दिवशीच सगळ्यांना दम भरला होता, पोटात किती न्यायचा तेवढा न्या, पण खिशात एक पान राहता कामा नये. आपल्याकडे ते अमली पदार्थांच्या कायद्यात बसतं. ह्यांनी ते ‘पोटात किती न्यायचा तेवढा’ फारच मनावर घेतलं.

आता डब्याचं ऐका. आदल्या रात्री खोलीत आम्ही तुमच्या चकल्या खाल्ल्या. तेव्हा आमच्या फराळाच्या पाकिटांकडे बघवत नव्हतं हो. शेव, चिवडा, सगळी पाकिटं टम्म फुगून उशा झालेल्या. मला वाटलं खराब झालं सगळं. पण सांगलीचे एक सर होते ग्रुपमध्ये, पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, चिवड्याला काही झालेलं नाही, पाकिटात पुण्याची हवा आहे आणि बाहेर कुस्कोची. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच. आतली पुण्याची हवा पाय पसरतेय. पुण्याची हवा म्हटल्यावर पसरणारच, असं नागपूरच्या वहिनी म्हणाल्या, ते सोडा. तर मी उरलेल्या चकल्यांवर तुमच्या डब्याचं झाकण लावलं. तो रिंगवाला स्टीलचा डबा. चांगलं दाबून, चारी बाजूंनी. हे लक्षात ठेवा.

विमान धावपट्टीवर धावायला लागलं आणि धावतच राहिलं. विरळ हवेत उचलायला वेग जास्त लागतो. मी डोळे मिटून रामरक्षा म्हणतेय आणि आमचे हे शेजारी मोबाइलमध्ये साठवलेलं काहीबाही वाचतायत. म्हणाले, अगं, ह्या विमानतळाला अलेहान्द्रो वेलास्को आस्तेते नावाच्या वैमानिकाचं नाव दिलंय. १९२५ साली लिमाहून अँडीज ओलांडून कुस्कोला विमान आणणारा पहिला माणूस. मी म्हटलं, वा. तर म्हणतात, त्याच वर्षी पुनोला विमान कोसळून गेला बिचारा.

ही वेळ आहे का हो सांगायची?

खिडकी मला मिळाली होती. बर्फाची शिखरं अशी जवळ की वाटावं, एअर होस्टेसनं दार उघडलं तर चमच्यानं घेता येईल. साल्कांताय की कुठलं तरी, ६,२७१ मीटरचं, ते बोटानं दाखवून झालं. मग ग्रुपमधल्या दादरच्या मावशी मागच्या सीटवरून म्हणाल्या, अर्धं बघून झालं असेल तर जागा बदला. बदलली. सव्वा तासाचा तर प्रवास. तोवर खाली तपकिरी, बोडके डोंगर आणि त्यांच्यापुढे राखाडी ढगांची गोधडी. तिच्याखाली लिमा. समुद्राच्या कुशीत शहर आणि पाऊस जवळजवळ नाहीच! किनाऱ्यानं थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, त्यामुळे ढग दाटतात पण बरसत नाहीत. आमची आत्या रत्नागिरीची, तिला सांगितलं तर म्हणाली, मग कौलं शाकारायचा खर्च वाचला.

लिमाला पाच तास काढायचे होते. विमानतळाची इमारत कोरी करकरीत, २०२५च्या जूनमध्ये उघडलेली. आणि हे पुन्हा मोबाइल काढून बसले. म्हणे, ह्याला होर्हे चावेसचं नाव. १९१०मध्ये आल्प्सवरून विमान नेणारा पहिला. मी म्हटलं, पुढचं सांगू नका. तरी सांगितलंच. पलीकडे इटलीत उतरताना विमान पडलं आणि चार दिवसांनी तो गेला. म्हणजे सकाळपासून दोन विमानतळ, दोघंही अपघातात गेलेले. आता तिसऱ्याचं नाव काढाल तर रिटर्न तिकीट वेगळं काढीन, असं मी सांगून टाकलं.

त्या दिवशी कार्तिकी एकादशी होती, वहिनी. दादरच्या मावशींचा उपास. उपासाला परदेशात काय मिळणार म्हणून सगळा ग्रुप काळजीत. मावशी मात्र काउंटरवर गेल्या. त्यांनी पोराकडून स्पॅनिश घोकून घेतलं होतं: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन वेवो. मांस नको, कोंबडी नको, मासे नको, अंडं नको. एका दमात, जपमाळ ओढल्यासारखं. नुसतं ‘कार्ने’ नको म्हटलं तर तिकडे कोंबडी घालून आणतात, कोंबडी म्हणजे मांस असं त्यांच्या मनातच येत नाही. काउंटरवरच्या मुलीनं पाटीवरचं दाखवलं, पापास फ्रितास. नागपूरच्या वहिनी दचकल्या, पापा तळून देतात की काय! पापा म्हणजे बटाटा. आणि शेजारी कामोते. आमच्या नणंदेचं कामोठे नव्हे हो, कामोते म्हणजे रताळं. दोन्हींचे तळलेले काप मावशींनी घेतले, वर पिशवीतले शेंगदाणे. मग सांगलीच्या सरांनी पदार्थविज्ञान सोडून इतिहास काढला. बटाटा मूळचा ह्याच अँडीजमधला. रताळं, शेंगदाणे, मिरची, साबुदाणा ज्याच्यापासून करतात ते कंदमूळ, सगळं ह्या अमेरिकेकडचं, पोर्तुगीजांच्या जहाजांनी आपल्याकडे पोचलेलं. कोलंबसाच्या आधी आपली माणसं एकादशीला खात काय होती, असा प्रश्न पडला सगळ्यांना. मावशी म्हणाल्या, तेव्हा लोक उपास करायचे.

उरलेला वेळ मेंढीकोटात गेला. जमिनीवर शाली अंथरून दोन डाव. आणि हो, लिमाला उतरल्यावर पाकिटं आपोआप बारीक झाली होती. माझी कुस्कोत बंद केलेली पाण्याची प्लास्टिकची बाटली मात्र कुणी मुठीत चुरगळल्यासारखी आत गेलेली. ते बघूनसुद्धा मला डब्याची आठवण झाली नाही.

लिमा ते सांतियागो साडेतीन तास. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र, मधे वाळवंट, आणि बहुतेक सगळे घोरत. उतरण्यापूर्वी पोर उठून उभं राहिलं आणि एकेकाला जागं करून सांगायला लागलं. चिलीत खाण्याच्या वस्तूंबद्दल फार कडक. फळं, बिया, दूधदुभतं, मध, जे काही असेल त्याच्यासाठी फॉर्मवर ‘हो’ लिहायचं. ‘हो’ लिहिलंत तर ते बघतील, नको असेल ते काढून घेतील, दंड नाही. ‘नाही’ लिहिलंत आणि सापडलं, तर दंड. बास, एवढं ऐकल्यावर बत्तीस जणांच्या नाश्त्याच्या खोक्यांतली केळी बाहेर आली आणि विमानात एकदम देवळातल्या प्रसादासारखं केळं खाणं सुरू झालं.

मला त्यांचा राग नाही आला, खरंच. त्यांच्या एका बाजूला अँडीज, एका बाजूला समुद्र, वर वाळवंट आणि खाली बर्फ. कीड आत यायला वाटच नाही, आली तर माणसाच्या पिशवीतून. द्राक्षं, चेरी, सफरचंदं, सगळं जगाला विकतात ते. आपल्या फळवाल्याकडचं किवीसुद्धा कित्येकदा चिलीचंच असतं. फळमाशीनं आंबा कसा नासतो ते कोकणातल्या माणसाला विचारा. आपणही इतकी काळजी घेतली असती तर.

हॉलमध्ये एक गोड कुत्रा हिंडत होता. येऊन शांतपणे आमच्या ह्यांच्या पिशवीपाशी बसला. ह्यांना वाटलं, लाडात आलाय. डोक्यावरून हात फिरवायला वाकले, तर त्याच्या मालकिणीनं पिशवी उघडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं केळं! म्हणाले, रात्री भूक लागली असती. नशीब, फॉर्मवर मी ‘हो’ लिहिलं होतं, त्यांचंही. मावशींच्या पूजेच्या डबीतली सुपारी गेली. अख्खी सुपारी म्हणजे बी. मावशींनी एवढंच विचारलं, टाकणार कुठे? त्या बाईंना कळलं नाही, पण त्यांनी सुपारी दोन बोटांनी उचलून वेगळ्या कागदात ठेवली. मावशींचं समाधान झालं.

आणि मग आला तुमचा डबा.

उघडा म्हणाल्या. मी ओढलं. हलेना. ह्यांनी ओढलं. पोरानं गुडघ्यात धरून ओढलं. ती बाई आमच्याकडे अशी बघायला लागली की आता आत नक्की काय आहे! मागे रांग वाढतेय. मला घाम फुटला. तेवढ्यात सांगलीचे सर मागून पुढे आले, डबा हातात घेऊन दोन्हीकडून बघितला आणि हसायला लागले. म्हणाले, झाकण कुठे लावलंत? मी म्हटलं, कुस्कोत. म्हणाले, मग आत कुस्कोची हवा आहे आणि बाहेर जवळजवळ समुद्रसपाटीची, बाहेरची हवा झाकणावर बसलीय. त्यांनी चमच्याची कड रिंगेखाली सारली आणि फुस्स झालं. मोठ्यानं. कुत्रासुद्धा मागे सरला. झाकण अलगद वर.

आत अकरा चकल्या. एकही मोडलेली नाही. बाईंनी एक उचलून काटे बघितले, वास घेतला, दुसऱ्या बाईंना दाखवली. पीठ, तळलेलं, असं पोरानं हातवारे करून सांगितलं. ठेवली परत आणि मान हलवली, न्या. माझे बेसनाचे लाडू तुपापायी तिथेच राहिले, तुमची चकली मात्र चिलीत रीतसर दाखल झाली. बसमध्ये वाटली. अकरा चकल्या, बत्तीस माणसं, तुकडे करून. मावशींनी एकादशीचा म्हणून आपला तुकडा द्वादशीसाठी रुमालात बांधून ठेवला.

बसमध्ये हे हळूच म्हणाले, तिसऱ्याचं सांगू का? मी काहीच बोलले नाही. म्हणाले, आर्तुरो मेरिनो बेनितेस. ह्यानं १९२९ साली चिलीची विमानसेवा सुरू केली आणि १९७०मध्ये ऐंशी पार करून गेला. मग मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले ती थेट हॉटेलच्या दारात.

घ्या, धरा हा. रिकामा नाही दिलेला, कुस्कोची चॉकलेटं आहेत थोडी. रिंग मी काढून ठेवलीय, आत डाव्या बाजूला आहे बघा.