याच्यात टॅली चालते का?

जाहिरात बघून माणूस कॉम्प्युटर बदलतो, यावर माझा ठाम विश्वास होता. कारण मी स्वतःलाच तशी एक चालतीबोलती जाहिरात समजत असे. बडनेऱ्याला गाडीत बसलो की अकोला येईपर्यंत माझा मॅकबुक मांडीवर उघडा. काही लिहायचं असायचंच असं नाही. पण त्या जुन्या मॉडेलच्या झाकणावरचं सफरचंद उजळायचं, आणि उजळायचं ते समोरच्या बाकाकडं तोंड करून. मूर्तिजापूर यायच्या आत कोणी ना कोणी विचारणार हे नक्की. व्हायरस, बॅटरी, डिझाइन अशी सगळी उत्तरं तयार ठेवून मी बसलेला असायचो, आणि समोरून प्रश्न यायचा, "भाऊ, याच्यात टॅली चालते का?"

टॅली विंडोजवर चालते. मॅकवर चालवायची तर आधी मॅकच्या पोटात विंडोज बसवावी लागते. हे समजावून सांगताना आपण नेमकी कोणाची वकिली करतोय, हे माझं मलाच कळेनासं व्हायचं. तोवर विचारणारा खिडकीबाहेर बघू लागलेला असायचा.

माझं पाठांतर होतं ॲपलच्या 'गेट अ मॅक' मोहिमेचं. २००६ ते २००९ या काळात त्यांनी ६६ छोट्या फिल्मा काढल्या. पांढऱ्या पडद्यापुढं दोघं उभे. जीन्समधला सडपातळ जस्टिन लाँग म्हणजे मॅक, आणि चष्मा, तपकिरी कोट, सुटलेलं पोट असलेला जॉन हॉजमन म्हणजे पीसी. पीसीला व्हायरसची सर्दी होते, कधी तो हातापायाला प्लास्टर घालून येतो, आणि मॅक त्याच्याकडं समजूतदारपणे हसून पाहतो. ते हसू मी आरशासमोर बसवलं होतं. पोटाच्या बाबतीत मी दुसऱ्या पार्टीचा, हे त्या वेळी लक्षात आलं नाही.

या फिल्मा मी अकोल्याच्या साडूंना दाखवल्या. त्यांचं कृषी केंद्र आहे. त्यांनी चष्मा वर करून दोन-तीन पाहिल्या आणि निकाल दिला, "ते पोट्टं काही कामाचं दिसत नाही, साडभाऊ. नुसतं खिशात हात घालून उभं हाय. काम तर हा कोटवालाच करून राह्यला."

मी रुसलो. पुढं वाचनात आलं, की खुद्द अमेरिकेतही पुष्कळांना तो कोटवालाच जास्त आवडला होता. आणि २०२१ मध्ये तोच जस्टिन लाँग इंटेलकडून पैसे घेऊन पीसीचे गुण गाऊ लागला. ही बातमी मी साडूंपासून आजतागायत लपवून ठेवली आहे.

ॲपलची हौस जुनीच. १९८४ च्या जानेवारीत झळकलेली, रिडली स्कॉटनं केलेली ती हातोडा फेकणाऱ्या बाईची जाहिरात अजून लोक आठवतात. ती आठवतात, एवढं खरं. मॅकिंटॉशचा खप त्याच वर्षाच्या अखेरीला मंदावला होता. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरी काढली. डोळ्यांना पट्ट्या बांधलेले ऑफिसातले लोक रांगेनं कड्यावरून खाली पडताहेत. म्हणजे ज्याला माल विकायचा त्यालाच आंधळा म्हणायचं! त्या १९८५ साली कंपनीनं पहिल्यांदा तिमाहीचा तोटा पाहिला, बाराशेच्या आसपास माणसं घरी पाठवली, आणि संस्थापक स्टीव्ह जॉब्जही बाहेर पडला. १९९७ मध्ये 'थिंक डिफरंट' म्हणून त्यांनी चरख्यापाशी बसलेल्या गांधीजींचा फोटो लावला. परदेशी कापडाची होळी करायला लावणारा म्हातारा! आमच्या शेजारच्या सेवाग्रामात विचारायला तरी यायचं होतं.

पण जाहिरातीचं खरं शास्त्र मला साडूंच्या काउंटरवर कळलं. आमच्याकडं ज्या वस्तूच्या जाहिरातीनं गावंच्या गावं रंगतात ती कॉम्प्युटर नव्हे, कपाशीचं बियाणं. अमरावतीहून अकोल्याला रस्त्यानं निघा. शाळेची भिंत, विहिरीचा कठडा, एखाद्याच्या गोठ्याची मागची बाजू, सगळीकडं माणसाच्या डोक्याएवढं बोंड फुटलेलं. साडूंच्या दुकानात तर कॅलेंडर, टोप्या, छत्र्या, भिंतीवरचं घड्याळ, सगळं कोणत्या ना कोणत्या वाणाचं. मी विचारलं, यातली कोणती जाहिरात चालते? ते म्हणाले, "भिताड पाहून कोणी बियाणं नेत नाही. धुऱ्यापलीकडच्या वावरात पाहून नेते."

आणि मग ते सुरू झाले. त्यांच्या वडिलांच्या काळी एच-फोर आलं, १९७० चं, गुजरातचं. शेजाऱ्याच्या वावरात पऱ्हाटी छातीला लागली तेव्हा यांनी घेतलं. १९८१ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं पीकेव्ही हायब्रिड-२ आलं. विद्यापीठ जाहिरात ती काय करणार? पण शिवारफेरी काढतं. शेतकरी येतात, झाड वाकवतात, बोंडं मोजतात, शेजारच्या अनोळखी माणसाला 'किती पाणी देल्लं?' विचारतात आणि निघून जातात. २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली. पहिल्या वर्षी एकानं लावलं, बाकीचे धुऱ्यावर उभे राहून बघत होते. पुढं बघता बघता सगळा वऱ्हाड ४५० ग्रॅमच्या पिशवीवर गेला. २०२४ च्या मे महिन्यात एका ठरावीक वाणासाठी अकोल्यात दुकानांसमोर रांगा लागल्या. त्याच महिन्यात उन्हापायी जिल्ह्यात १४४ कलम लागलं होतं. विंडोज ९५ साठी अमेरिकेत लोक रात्री रांगेत उभे राहिले याचं मला फार कौतुक होतं. त्यांना पंचेचाळीस डिग्रीत उभं करून बघा.

२०१७ वर आले तेव्हा साडू जरा थांबले. त्या साली गुलाबी बोंडअळी आली. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत अळी आणि पिवळी पडलेली रुई. प्रत्येक पिशवीसोबत बिगर-बीटीची १२० ग्रॅमची पुडी असायची, वावराच्या कडेनं लावायची म्हणून. कोणी लावली नाही. दोन तासांची जागा कोण सोडणार? आणि भिंतीवरच्या बोंडात काही ती पुडी रंगवलेली नव्हती. "लोक दुकानात येऊन भांडले असते तर बरं झालं असतं," साडू म्हणाले. "नुसते येऊन बसायचे. एक जण म्हणे, जुनं बियाणं द्या. मी कुठून देऊ? घरची सरकी राखायचीच बंद झाली होती."

त्यावर माझ्याकडं काही तयार उत्तर नव्हतं. माझा लॅपटॉप पसंत पडला नाही तर विकून टाकता येतो. वाण बदलणाऱ्याचं आख्खं वर्ष जातं, आणि मागं फिरायची वाटही त्याच्या पाठीमागून कोणीतरी नांगरून टाकलेली असते.

साडूंचा पीसी असेंबल केलेला. सीपीयूवर दसऱ्याच्या पूजेचं कुंकवाचं स्वस्तिक, खाली वाळलेली झेंडूची पाकळी. एका दसऱ्याला मोठ्या मेहुणीबाईंनी माझ्या मॅकबुकलाही कुंकू लावलं. मी ते चष्म्याच्या फडक्यानं अलगद पुसत होतो आणि त्या दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. मलाही वर बघवलं नाही.

त्या पीसीत टॅली आहे, आणि कृतिदेवात टाइप केलेली वर्षानुवर्षांची उधारी आहे. एकदा हौसेनं मी त्यातली एक फाइल माझ्याकडं उघडली. 'मराठी' या शब्दाच्या जागी इ, जे, के, बी, एच अशी इंग्रजी अक्षरं उभी! उधारी घेणाऱ्यांची नावं तर ओळखूच येईनात. साडू म्हणाले, "हे बेस हाय. सगळ्यांची उधारी माफ." हसले, आणि लगेच पेन ड्राइव्ह काढून घेतला.

खरं म्हणजे महाराष्ट्रात विंडोजची सगळ्यांत मोठी मोहीम कोणत्याही कंपनीनं चालवली नाही. ती एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर कोर्सानं चालवली. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागू लागलं आणि लग्नाच्या बायोडाटात 'बी.ए., डी.एड., एमएस-सीआयटी' असं छापून यायला लागलं. त्यापुढं हातोडा फेकणारी बाई काय करणार?

अमरावती-अकोला रस्त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाला. गिनेसमध्ये नोंद आहे. साडूंना पटवायला मी याच रस्त्यानं जात-येत राहिलो. रस्ता बदलला.

आणि मग त्यांचा मुलगा पुण्याहून दिवाळीला आला. त्याला कंपनीनं मॅक दिलेला. ना त्यानं त्या ६६ फिल्मांतली एक पाहिलेली, ना कधी कोणाला सफरचंद दाखवलेलं. ओसरीवर बसून दोन दिवस नुसतं काम करत होता. साडू पेपर वाचायच्या निमित्तानं मागून जायचे, थांबायचे, पुढं जायचे. धुऱ्यावरून बघणं म्हणजे काय, ते मी तेव्हा प्रत्यक्ष पाहिलं.

परवा त्यांचा फोन आला. घरासाठी मॅक घेतलाय. दुकानात टॅलीला जुनाच आहे. "लय मस्त हाय, साडभाऊ. व्हायरसगिरस काही नाही. बॅटरी तर दिवसभर पुरते." मी म्हणालो, हेच मी इतकी वर्षं सांगत होतो. "हाव, तुमी सांगत होते," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "पण तुमचं काही अडलं-नडलं तर पोट्ट्याले फोन लावत जा. त्याले समजते त्यातलं."